नऊ किलोंचा हिशेब

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर येईल त्या वस्तूचे तो मनातल्या मनात मूल्यांकन करतो. लग्नात वधूच्या गळ्यातला हार पाहून लोक म्हणतात, किती सुंदर! माझ्या मनात येते, सोनेतारणात यावर किती कर्ज देता येईल? निवृत्त झालो, चार-पाच कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी ही खोड सुटली नाही. २०२४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधल्या एका गल्लीत मात्र तिने हात टेकले.

आमची लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला जुन्या बाजारात नेते."

"अगं, पुण्याच्या जुन्या बाजारात माझे जोडे झिजलेत. त्यासाठी सातासमुद्रापार यायचं?"

"हा नाटकाचा जुना बाजार आहे," ती म्हणाली. मी मुकाट्याने बूट चढवले.

ब्रॉडवे हा खरे तर न्यूयॉर्कमधला एक लांबलचक रस्ता. पण नाटकवाल्यांच्या तोंडी ब्रॉडवे म्हणजे मुख्यतः टाइम्स स्क्वेअरच्या अवतीभवतीची एक्केचाळीस नाट्यगृहे. तिथल्या चव्वेचाळिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या रस्त्यांना जोडणारा एक बोळ आहे, शूबर्ट ॲली. त्याच्या एका अंगाला शूबर्ट आणि बूथ ही दोन नाट्यगृहे पाठीला पाठ लावून उभी आहेत. दोन्ही १९१३ सालची. वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी, या बोळात आणि लगतच्या रस्त्यांवर टेबले मांडली जातात आणि नाटकांचा सगळा संसार उन्हात येतो.

काय नव्हते तिथे! भूमिका करणाऱ्या सगळ्यांच्या सह्या असलेली भित्तिपत्रके, नाचून टाचा झिजलेले बूट, खोटे दागिने, गाण्यांच्या स्वरलिपीची पुस्तके, कुठल्याशा राजवाड्याच्या देखाव्यात शोभलेली लाकडी मेणबत्ती. प्रत्येक नाटकाचे आपले टेबल, आणि टेबलामागे त्याच नाटकातली माणसे. कोणी नट, कोणी कपडेपट सांभाळणारे, कोणी दाराशी तिकीट तपासणारे. 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे नाटक २०२३ च्या एप्रिलात १३,९८१ प्रयोगांनंतर बंद झाले. त्याच्या खुणा अजून खपत होत्या. जरा पलीकडे लिलावाच्या वस्तू मांडल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या कागदांवर लोक आपापली बोली लिहून जात होते.

सर्वांत जास्त गर्दी होती ती 'प्लेबिल'च्या खोक्यांपाशी. प्लेबिल म्हणजे तिथल्या नाटकाची कार्यक्रमपत्रिका. दारावरची मंडळी ती प्रेक्षकाच्या हातात फुकट ठेवतात. आपल्याकडे एकेकाळी संगीत नाटकाच्या पदांची पुस्तके आण्या-दोन आण्याला मिळत, तशातलीच ही चीज, फक्त पदांऐवजी नटांची माहिती आणि जाहिराती. फुकट मिळालेल्या या पत्रिका इथे वर्णानुक्रमाने लावून विकायला ठेवल्या होत्या, आणि माणसे अशी वाकून शोधत होती, की जणू हरवलेले ठेवपावतीपत्रकच सापडणार आहे.

"बाबा, हा सगळा पैसा मदतीला जातो," लेकीने सांगितले. "एड्सच्या रुग्णांसाठी सुरू झालं हे."

त्याची हकीकत अशी. १९८७ साली याच शूबर्ट नाट्यगृहात 'अ कोरस लाइन' हे नाटक चालू होते. १९७५ पासूनच चालू होते. मोठ्या नटांच्या मागे ओळीने नाचणाऱ्या, ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते, अशा मुलामुलींच्या निवडचाचणीची ही कथा. तिला १९७६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. ज्याच्या डोक्यातून हे नाटक निघाले तो दिग्दर्शक मायकेल बेनेट २ जुलै १९८७ रोजी एड्सशी संबंधित आजाराने गेला. वय अवघे चव्वेचाळीस. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमधले एक नाटक त्याने अर्ध्यावर सोडले, तेव्हा हृदयविकाराचे कारण जाहीर झाले होते. त्या दिवसांत या रोगाचे नाव घेण्याची चोरी होती. घरची माणसे आजाऱ्याच्या अंगाला हात लावायला कचरत, आणि औषध म्हणावे असे फारसे काही हाताशी नव्हते. नाटकाच्या दोन संहितालेखकांपैकी एक, निकोलस दान्ते, हाही पुढे १९९१ साली त्याच रोगाने गेला.

त्या १९८७ सालीच या नाटकाच्या मंडळींनी नाट्यगृहाच्या मागच्या दारापाशी दोन टेबले मांडली, जवळचे किडूकमिडूक विकले आणि बारा हजार डॉलर उभे केले. त्याच वर्षी नटांच्या संघटनेने मदतनिधी काढला, पुढल्या वर्षी निर्मात्यांनी आपला वेगळा काढला, आणि १९९२ साली दोन्ही एक झाले. 'ब्रॉडवे केअर्स/इक्विटी फाइट्स एड्स' असे त्या संस्थेचे लांबलचक नाव. १९९६ च्या सुमारास गुणकारी औषधे आली आणि रोगाची दहशत ओसरली. आपल्या देशातही २००४ च्या एप्रिलपासून सरकारी केंद्रांत ती औषधे फुकट मिळू लागली. पण बाजार बंद पडला नाही. त्याच्या पैशातून गरजूंना औषध आणि जेवण पुरवणाऱ्या संस्थांना आजही मदत जाते. आजारी, थकलेल्या रंगकर्मींची काळजी घेणाऱ्या, १८८२ साली स्थापन झालेल्या जुन्या निधीलाही त्यातला वाटा मिळतो.

हे सारे ऐकता ऐकता मला आठवला आमचा अण्णामामा.

मामा आईचा थोरला भाऊ, सांगलीचा. गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळींत कपडेपट सांभाळायचा. शालू, अंगरखे, पगड्या, तलवारी, सारे त्याच्या हवाली. कधी माणूस कमी पडला तर भाला घेऊन भालदार म्हणूनही उभा राहायचा. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचे, म्हणजे पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे, त्याला भारी कौतुक. "शाहू महाराजांनी बांधलेल्या रंगमंचावर मी उभा राहिलोय," असे म्हणायचा. भाला घेऊन, हे सांगायचा नाही. या नाट्यगृहाचे कामही १९१३ सालीच सुरू झाले होते.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना मामा खोकत घरी आला. क्षय होता. पण आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. 'अण्णाला अशक्तपणा आलाय,' एवढेच सांगायचे. त्याचा पेला वेगळा, ताटली वेगळी, आणि माडीवरच्या त्याच्या खोलीकडे आम्हा मुलांनी फिरकायचे नाही. एके दिवशी मंडळीतले दोघे जण आले. त्यांनी मामासाठी एक प्रयोग केला होता आणि प्रयोगानंतर तोंडाला रंग तसाच ठेवून प्रेक्षकांतून झोळी फिरवली होती. रुमालात बांधलेले दोनशे सात रुपये त्यांनी आजोबांसमोर ठेवले. आजोबांनी ते हातही न लावता परत केले. "आमच्याकडे कोणी आजारी नाही," ते म्हणाले. पैसे घेतले असते तर रोग कबूल केल्यासारखे झाले असते. माडीवर मामा खोकत होता. खाली सगळ्यांना ऐकू येत होते.

१९७१ च्या पावसाळ्यात मामा गेला. मागे राहिली एक पत्र्याची ट्रंक. नाटकांची हँडबिले, पदांची पुस्तके, मुक्कामाच्या गावांच्या याद्या, कपड्यांच्या मापांच्या वह्या. १९८९ साली वाडा विकायचा ठरला, तेव्हा मी चार दिवसांची रजा काढून आवराआवर करायला गेलो. ट्रंक मीच उघडली, मीच रद्दीवाल्याला हाक मारली. नऊ किलो भरली. अडीच रुपये किलो. साडेबावीस रुपये झाले. सोनेतारणाच्या प्रकरणात गुंजभर सोन्यासाठी सोनाराला कसोटी पुन्हा लावायला सांगणारा मी त्या दिवशी एक कागदही उलटून पाहिला नाही.

बोळातल्या एका टेबलामागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. पांढरे केस, गळ्यात मोजायची टेप. त्यांच्यापुढच्या छोट्या खोक्यात मला 'अ कोरस लाइन'ची जुनी पत्रिका दिसली. आत एक चिठ्ठी होती: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमक्याऐवजी तमका करील. त्या तमक्याचे नाव तेवढ्या एका चिठ्ठीवरच छापले गेले असणार.

मी किंमत विचारली. पाच डॉलर. "तुमच्याच संग्रहातली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मित्राची. आम्ही दोघं कपडेपटात होतो. एड्सने गेला तो, १९९१ साली. त्याचं खोकं माझ्याकडे आहे. दर वर्षी त्यातल्या थोड्या इथे आणते."

रोगाचे नाव त्यांनी सहज घेतले, ज्वराचे किंवा मधुमेहाचे घ्यावे तसे. मी विचारले, "सगळं खोकं विकून संपलं, की मग?"

"मग त्याच्या नावावर किती जमा झाले, ते मला सांगता येईल," त्या म्हणाल्या. "आणि जपायचं म्हणाल, तर लिंकन सेंटरजवळचं ग्रंथालय ते काम करतंच. माझ्या खोक्याचं काम वेगळं आहे."

मी वीस डॉलरची नोट दिली आणि बाकी परत घेतली नाही. बँकेच्या सवयीने पावती मागणार होतो, ती मागितली नाही. लेकीने विचारले, "बाबा, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही. ऊन लागतंय."

आपल्या रंगभूमीला ही दानत ठाऊक नव्हती असे नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या नायकांनी एकत्र उभे राहून 'संयुक्त मानापमान' केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. मदतीचे प्रयोग आपल्याकडे पुढेही होत राहिले. मामाच्या सोबत्यांनी तोंडाचा रंग न पुसता झोळी फिरवलीच होती. कमी पडलो ते आम्ही, घरची माणसे. आम्ही रोग झाकला, म्हणून मदत परत गेली. आणि ज्याचा रोग झाकला, त्याचे आयुष्यही झाकूनच ठेवले, इतके की अठरा वर्षांनी त्याची ट्रंक उघडली तेव्हा आतले काय मोलाचे, हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. शूबर्टच्या मागच्या दाराशी त्या दोन टेबलांनी बारा हजार डॉलर मिळवले, त्याहून मोठे काम केले ते हे, की आमची माणसे या रोगाने मरत आहेत, असे भर रस्त्यात सांगितले.

मी अमेरिकेला गेलो त्याच्या काही आठवडे आधी, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मामा भाला घेऊन उभा राहिलेला तो रंगमंच त्या रात्री गेला. वास्तू पुन्हा बांधता येते. पण त्या रंगमंचावरून गेलेल्या बिननावाच्या माणसांचे कागद कोणाकोणाच्या माळ्यावर असतील, ते मात्र आपणच पाहायला हवे. दिवाळीची आवराआवर करताना एखादी ट्रंक उघडलीत, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, हे कोणाचे, आणि त्याला काय झाले होते.

परत आल्यावर मी एक वही घातली आहे. बँकेत खुर्च्या-टेबलांची नोंद ठेवायला डेड स्टॉक रजिस्टर असते, त्याच धर्तीची. मामाच्या ट्रंकेत काय काय होते, ते आठवेल तसे लिहितो. मावशी नव्वदीची आहे, तिला फोन करून विचारतो. पहिल्या पानावर मामाचे पूर्ण नाव लिहिले, खाली जन्मसाल, मृत्युसाल आणि त्यापुढे क्षय. हा शब्द मावशीनेच लिहायला सांगितला. आतापर्यंत चौदा नोंदी झाल्या आहेत. चौदावी अशी: मापांची वही, निळे पुठ्ठे, एका कडेला कुंकवाचे बोट.