दिवा लागलेला असू दे

सर्व्हर रूममध्ये रात्री काम करायचं तर स्वेटर लागतो, बाहेर पुण्याचा एप्रिल असला तरी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका शनिवारी रात्री माझ्या हातात एक पॅड होतं आणि त्यावर ४० सर्व्हरची छापील यादी. एकेका सर्व्हरवर लॉगिन करायचं, पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, टाकायचा, सेवा बंद करून पुन्हा चालू करायची, ती नीट उठली का ते बघायचं आणि यादीत पेन्सिलनं टिक करायची. एकाला साधारण आठ मिनिटं. अकराला बसले, पहाटे साडेचारला उठले. चाळीसच्या चाळीस नावांपुढे टिक होती.

तीन आठवड्यांनी कळलं की २३ नंबरच्या सर्व्हरवर पॅच नव्हताच. मधेच फोन वाजला होता. मी बाहेर जाऊन बोलून आले आणि परत बसले ती चोविसाव्यापाशी. टिक मात्र झालेली. सुदैवानं नुकसान काही झालं नाही, पण ती पेन्सिलची खूण मी विसरलेले नाही. कागद म्हणत होता काम झालं, यंत्र म्हणत होतं झालेलं नाही, आणि तीन आठवडे आम्ही सगळे कागदावर विसंबून होतो.

एक सर्व्हर नीट ठेवणं अवघड नाही. चाळीस सर्व्हर एकसारखे ठेवणं अवघड आहे, आणि चार हजार एकसारखे ठेवणं माणसाच्या हातून होणारच नाही. एटीएममधून पैसे काढताना, रेल्वेचं तिकीट काढताना, गॅसचा सिलिंडर नोंदवताना आपण अशाच सर्व्हरच्या रांगांशी बोलत असतो. त्या रांगा उभ्या करण्यासाठी आणि अद्ययावत ठेवण्यासाठी गेल्या तीस वर्षांत काही साधनं घडली. त्यांच्यामागचा विचार संगणकाबाहेरही उपयोगी पडावा इतका सुंदर आहे.

आठवा सर्व्हर

माझा तेविसावा सर्व्हर निमूट राहिला. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचा आठवा सर्व्हर तसा राहिला नाही.

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी व्यवस्था सुरू होणार होती. त्यासाठी नाइटनं आपल्या सौदे पाठवणाऱ्या प्रणालीत बदल केले. ही प्रणाली आठ सर्व्हरवर चालायची. नवा कोड टप्प्याटप्प्यानं हातानं चढवला गेला आणि सात सर्व्हरवर पोचला. आठव्यावर चढवायचा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासून बघावं असा लेखी नियमही तिथे नव्हता.

त्या आठव्या सर्व्हरवर जुन्या कोडचा एक भाग पडून होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. नव्या कोडमध्ये ज्या खुणेचा अर्थ ‘नवी व्यवस्था वापर’ असा होता, त्याच खुणेचा जुन्या कोडमधला अर्थ वेगळा होता. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर न थांबता खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी सोडत सुटला. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरांपेक्षा जास्त नुकसान झालं.

बाजार उघडण्याआधी कंपनीच्या अंतर्गत प्रणालीनं त्रुटी दाखवणाऱ्या ९७ ई-मेल पाठवल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी वेळेत बघितलं नाही. घाईघाईत उपाय करताना नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढला गेला. मग आठही सर्व्हर जुन्या कोडनं वागू लागले आणि आग आणखी भडकली. पुढच्या वर्षी ती कंपनी स्वतंत्र उरली नाही, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. आठपैकी सात सर्व्हर बरोबर होते. अज्ञानानं हा घात झाला नाही, विसंगतीनं झाला.

आजीचा नियम

आमच्या आजीचा नियम होता की तिन्हीसांजेला देवापाशी दिवा तेवत असला पाहिजे. तो कुणी लावायचा हे तिनं कधी ठरवून दिलं नाही. जो आधी घरी येईल त्यानं बघायचं. विझलेला असला तर लावायचा, तेल कमी असलं तर घालायचं, तेवत असला तर हात जोडून पुढे जायचं.

‘दिवा लाव’ ही आज्ञा झाली. ‘दिवा लागलेला असू दे’ ही स्थिती झाली. या दोन वाक्यांतल्या फरकावर सर्व्हर व्यवस्थापनाचं सगळं शास्त्र उभं आहे.

पूर्वी आम्ही स्क्रिप्ट लिहायचो. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची माळ. ही फाइल उघड, शेवटी ही ओळ जोड, सेवा पुन्हा चालू कर. ती एकदा चालवली की काम चोख. पण मधेच नेटवर्क तुटलं म्हणून तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की फाइलीत तीच ओळ दोनदा बसायची. भरलेल्या समईत पुन्हा तेल ओतावं आणि ते पाटावर सांडावं, तसं. आणि काही सेवा दुबार ओळ दिसली की उठायलाच नकार द्यायच्या.

भौतिकशास्त्र शिकलेले मार्क बर्जेस १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात काम करत होते. तिथे वेगवेगळ्या जातींची युनिक्स यंत्रं होती आणि प्रत्येक जातीसाठी निराळी स्क्रिप्ट. त्यांनी सीएफएंजिन नावाचं साधन लिहिलं. यंत्र कसं असायला हवं याचं वर्णन त्याला द्यायचं. ते आधी यंत्राची आजची स्थिती बघतं, वर्णनाशी पडताळतं आणि फरक असेल तेवढंच दुरुस्त करतं. दहादा चालवा, नाही तर शंभरदा, परिणाम तोच. शरीर जसं रोगाशी सतत झुंजत स्वतःला ताळ्यावर आणतं तसं संगणकानंही करावं, हा विचार बर्जेस यांनी पुढे १९९८ मध्ये मांडला.

त्या मुळावर मग फांद्या फुटल्या. ल्यूक केनिस यांचं पपेट २००५ मध्ये आलं, शेफ २००९ मध्ये, सॉल्ट २०११ मध्ये आणि मायकेल डिहान यांचं अॅन्सिबल २०१२ मध्ये. अॅन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅट या कंपनीनं विकत घेतलं. हे नाव विज्ञानकथेतलं आहे. ऊर्सुला ल ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीत ताऱ्यांमधलं अंतर ओलांडून तत्क्षणी निरोप पोचवणाऱ्या यंत्राला त्यांनी ते दिलं होतं.

या साधनांचे ढोबळमानानं दोन स्वभाव आहेत. पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा चाकर बसवलेला असतो. तो दर अर्ध्या तासानं मुख्य सर्व्हरला विचारतो की माझ्यात काही बदलायचं आहे का. अॅन्सिबलमध्ये सर्व्हरवर खास काही बसवावं लागत नाही. आपण ज्या एसएसएचच्या वाटेनं लॉगिन करतो त्याच वाटेनं ते जातं, पायथॉनमधले छोटे तुकडे तिथे नेऊन चालवतं आणि काम झालं की पुसून टाकून परत येतं.

पिवळं आणि हिरवं

अॅन्सिबल प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका साध्या कामातून सांगते. सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळलेली असली पाहिजेत, नाही तर नोंदींचा क्रम लागत नाही आणि चोर सापडत नाही.

आधी इन्व्हेंटरी, म्हणजे कुठले सर्व्हर आपले आहेत त्याची यादी. मग प्लेबुक. त्यात चार गोष्टी लिहायच्या. वेळ जुळवणारं पॅकेज बसवलेलं असावं. त्याची कॉन्फिग फाइल आपल्याकडच्या मूळ प्रतीसारखी असावी. सेवा चालू असावी. यंत्र रीबूट झालं तरी ती आपोआप उठावी. शेवटी एक जोडकलम, की फाइल खरोखर बदलली असेल तरच सेवा पुन्हा चालू करायची, उगाच हात लावायचा नाही.

प्लेबुक चालवलं की पडद्यावर एकेका सर्व्हरचं नाव उमटत जातं. जिथे काही बदलावं लागलं ते पिवळं, जिथे आधीच सगळं नीट होतं ते हिरवं, जिथे अडलं ते लाल. पहिल्या वेळी पडदा पिवळाधमक होतो. मग तेच प्लेबुक लगेच पुन्हा चालवायचं. या वेळी सगळं हिरवं येतं आणि शेवटच्या हिशेबात प्रत्येक नावापुढे ‘चेंज्ड’च्या घरात शून्य. मी हे हजारदा पाहिलं असेल, तरी तो शून्यांचा रकाना बघून अजून बरं वाटतं. माझ्या पेन्सिलच्या खुणेला जे जमलं नाही ते हे शून्य करतं. ते यंत्राला विचारून आलेलं असतं.

कोरं यंत्र उभं करतानाही विचार हाच. रॅकमध्ये बसवलेला नवा सर्व्हर चालू केला की तो नेटवर्कवर हाक मारतो. त्याला एक पत्ता मिळतो, कुठून बूट व्हायचं ते कळतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम ठरलेल्या उत्तरपत्रिकेप्रमाणे आपोआप चढते. पुढचं प्लेबुक बघतं. एक चढवायला जेवढी मेहनत, जवळपास तेवढ्यातच शंभर चढतात.

पॅच आला, पुढे काय?

७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड नावाची त्रुटी जाहीर झाली. जगातल्या असंख्य वेबसाइटींच्या कुलूपबंद संवादामागे असलेल्या ओपनएसएसएलमधली ही त्रुटी होती. सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे बाहेरचा माणूस वाचू शकत होता. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. पॅकेज बदलणं हे काही मिनिटांचं काम होतं. पण डिस्कवरची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते. सेवा पुन्हा चालू केली नाही तर पॅच टाकूनही दार उघडंच. त्याहून कठीण प्रश्न होता, की आपल्याकडे ही आवृत्ती नेमकी कुठेकुठे आहे. ज्यांची यादी तयार होती त्यांनी तासाभरात उत्तर दिलं. बाकीचे कित्येक दिवस शोधत राहिले.

यादी आणि वेळ या दोन्हींची किंमत महाराष्ट्रानंही जवळून पाहिली आहे. विंडोजमधली एक गंभीर त्रुटी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. त्याच त्रुटीतून मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं. २७ जूनला तसलंच नॉटपेट्या आलं, ते तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसलं. चोरलेल्या पासवर्डांचाही वापर ते करत असल्यामुळे पॅच टाकलेली यंत्रंही त्यात सापडली. मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प झाली आणि आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडलं. कंटेनर जागच्या जागी राहिले, ट्रक ताटकळले.

नंतर मर्स्कनं सांगितलं की त्यांनी दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. कुणाला कुठे प्रवेश आहे याची मूळ नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर मात्र पुसले गेले होते. त्या नोंदीची एक प्रत वाचली ती घानामधल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. यंत्रं पुन्हा विकत मिळतात. ती कशी होती याची नोंद विकत मिळत नाही.

एकदम नको, दमानं

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. जे साधन चांगला बदल क्षणात सगळीकडे नेतं ते चुकीचा बदलही तितक्याच वेगानं नेतं.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल विंडोज यंत्रांवर गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं कोसळली होती. भारतात काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली, दुरुस्ती मात्र बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी बसून एकेक करावी लागली. त्यानंतर असे बदल टप्प्याटप्प्यानं सोडण्याचं कंपनीनं जाहीर केलं.

भात शिजला का हे बघायला एकच शीत दाबतात, आणि तेही पातेलं उतरवण्याआधी. सर्व्हरचंही तसंच. आधी कोरडी फेरी, काय बदलेल ते नुसतं दाखवणारी. मग चाचणीच्या यंत्रावर. मग खऱ्या रांगेतल्या एकाच सर्व्हरवर, आणि त्यावर नजर ठेवून थोडं थांबायचं. मग पाच, मग पंचवीस. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त अडले तर आपोआप थांबायचं. मागे फिरण्याची वाट बदल करण्याआधी तपासून ठेवायची. आणि दिवाळीच्या तोंडावर, दुकानं-बँकांवर ताण असताना, निकडीचा सुरक्षा पॅच सोडून कशालाही हात लावायचा नाही.

हिरव्या अक्षरांमागचं माणूस

गेल्या वर्षी एका जुन्या प्लेबुकमध्ये मला एक विचित्र आकडा दिसला. एका सेवेला उठायला तब्बल नव्वद सेकंदांची मुदत दिलेली. मी ती तीसवर आणणार होते. तेवढ्यात वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. मला कधीच न भेटलेल्या एका सहकाऱ्यानं तिथे मराठीत लिहून ठेवलं होतं, की महिनाअखेरीला हिशेबाचा ताण असतो तेव्हा ही सेवा ऐंशी सेकंद घेते, मुदत कमी केली तर ती अर्धवट मरते, कृपया बदलू नये.

तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. त्यानं जागून काढलेली ती महिनाअखेरीची रात्र मात्र त्या एका ओळीत राहिली होती, आणि तिच्यामुळे माझी एक रात्र वाचली.

मी तो आकडा तसाच ठेवला, प्लेबुक चालवलं आणि थांबले. सगळ्या नावांपुढे शून्य आलं. त्या यादीतला २३ नंबरचा सर्व्हर मी तरीही एकदा उघडून बघितला. तिथेही नव्वदच होते.