बिनतारी यंत्राची मांडणी

हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत इंटरनेटचें एक लहानसें बिनतारी यंत्र बसविलेलें असतें. त्याला राउटर म्हणतात. तारेनें घरापर्यंत आलेलें इंटरनेट तो लहरींच्या रूपानें खोल्याखोल्यांत पोंचवितो. शेवटच्या खोलींत या लहरी क्षीण होतात, मुलांचा चालू वर्ग मध्येंच खंडित होतो, आणि मग गृहस्थ बाजारांतून रिपीटर आणतात. तो बहुधा त्याच शेवटच्या खोलींत लावला जातो, आणि गुण न आल्यामुळें पैसे वायां गेल्याची हळहळ वाटते. वास्तविक दोष बहुधा यंत्राचा नसून मांडणीचा असतो.

रिपीटर नवें इंटरनेट निर्माण करीत नाहीं. त्याला जें ऐकूं येतें, तेंच तो पुन्हां उच्चारतो. गुरुजींचें वाक्य मागच्या बाकापर्यंत पोंचावें म्हणून मधल्या बाकावरील मुलानें तें मोठ्यानें म्हणावें, तसा हा प्रकार आहे. तोच मुलगा मागच्या भिंतीशीं उभा केला, तर तो काय सांगणार? म्हणून राउटर व ती अडचणीची खोली यांच्या मध्यें, जेथें लहरी अजून जोमदार आहेत, तेथें रिपीटर असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी यांच्या आड तो ठेवूं नये.

दुसरी गोष्ट वेगाची. साध्या रिपीटरला एकाच पट्ट्यावर ऐकावें व बोलावें लागतें. दोन्ही कामें एका वेळीं होत नाहींत. त्यामुळें वेग सुमारें निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर एकावर ऐकून दुसऱ्यावर बोलूं शकतो. दोन्ही यंत्रें तारेनें जोडतां आलीं, तर फारच उत्तम.

हे पट्टे म्हणजे २.४ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरी भिंतींतून अधिक दूर जातात; दुसऱ्याचा वेग मोठा, पण भिंती त्याला लौकर अडवितात. २.४ चा पट्टा भारतांत २००५ सालीं विनापरवाना वापरासाठीं खुला झाला. त्यामुळें तेथें शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह शेगडीचा उपद्रवही होतो. या पट्ट्याचे १३ विभाग योजिलेले आहेत. त्यांना चॅनेल म्हणतात. त्यांचे मध्यबिंदु एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झवर असतात. उलट यंत्राचें प्रक्षेपण सुमारें २० मेगाहर्ट्झ रुंद असतें. म्हणून १, ६ व ११ हे तीनच क्रमांक परस्परांत न मिसळतां वापरतां येतात. शेजारी १ व ६ वर आहेत म्हणून कोणी ३ क्रमांक निवडला, तर तो दोघांच्याही बोलण्यांत व्यत्यय आणतो आणि स्वतःही त्रास भोगतो. एकाच क्रमांकावरील यंत्रें मात्र परस्परांना ओळखून पाळीपाळीनें बोलतात. क्रमांक राउटरवर ठरवावा. त्या पट्ट्यावर रिपीटर त्याच्या मागोमाग जातो.

हे बदल करण्यासाठीं राउटरच्या तळाशीं छापलेला पत्ता फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्यें लिहावा. तो पुष्कळदां १९२.१६८.१.१ असा असतो. तेथें विचारला जाणारा व्यवस्थापनाचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून निराळा असतो. कारखान्यांतून आलेला तो पासवर्ड प्रथम बदलावा. संरक्षणासाठीं डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ सालीं आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धति निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धति २००१ सालींच भेद्य ठरली आहे. रिपीटरलाही हाच नियम. घराचें पुढचें दार बंद करून मागचें उघडें ठेवण्यांत शहाणपणा नाहीं. कारण परक्यानें त्या वाटेनें कांहीं गैरकृत्य केलें, तर त्याचा माग प्रथम घरमालकाच्या दाराशींच येतो.

एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपून ठेवावा आणि शेवटच्या खोलींत जाऊन परिणाम पाहावा. हा क्रम पाळला, तर नवें यंत्र विकत आणण्याची वेळ पुष्कळदां येतच नाहीं.