दिसते ती सावली

पालघरला एका महाविद्यालयात कवितावाचनाला गेलो होतो. 'कृष्णविवर' नावाची माझी एक जुनी कविता आहे, ती वाचली. वाचण्याआधी तो सर्वांच्या परिचयाचा फोटो पडद्यावर दाखवला. नारिंगी कडं आणि मध्ये काळं वर्तुळ. जरा ऐटीतच म्हणालो, "हे मधलं काळं आहे ना, तेच कृष्णविवर."

कार्यक्रम संपल्यावर बोईसरहून येणारी एक विद्यार्थिनी जवळ आली. "सर, कविता आवडली. पण ते विवर नाही, त्याची सावली आहे. विवर त्याहून बरंच लहान असतं."

मी बी. ए., तोही मराठी घेऊन. सावली म्हटली की दिवा हवा, वस्तू हवी आणि जिच्यावर सावली पडेल ती भिंत हवी. इथे भिंत कुठे आहे? आणि सावली मोठी का? तिला विचारणार, तोवर तिच्या गाडीची वेळ झाली होती. मग शाळेनंतर सुटलेलं विज्ञान पुन्हा हाती धरणं आलं. जे समजलं ते या माइकसमोर सांगतो आहे.

कृष्णविवराला एक सीमा असते, तिला घटनाक्षितिज म्हणतात. तिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही. म्हणजे विवर स्वतः दिसण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच्याभोवती तापलेला वायू प्रचंड वेगानं फिरत असतो आणि तो झगमगतो. फोटोतलं कडं त्या उजेडाचं. वायूचा जो भाग आपल्या दिशेनं धावत येतो तो अधिक तेजस्वी दिसतो, म्हणून कड्याची एक बाजू जास्त उजळ. सांजवेळी किनाऱ्यावरचं सुरूचं झाड मागच्या उजेडावर काळं उमटतं, तशी ही सावली आहे. तिला भिंत लागत नाही. दूर उभा असलेला पाहणारा पुरतो.

सुरूचं झाड मात्र आपल्या आकाराएवढंच दिसतं. इथे तसं होत नाही, याचं कारण मला चिंचणीच्या किनाऱ्यावर सापडलं. रमजानात आम्ही हातात खजूर धरून सूर्य बुडण्याची वाट बघत बसतो. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा हिशेबानं अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेत वाकलेले किरण त्याला आपल्यासाठी वर धरून ठेवतात. (रोजा मात्र दिसणारा सूर्य बुडाल्यावरच सुटतो. घाई चालत नाही.) किरण वाकले की वस्तू असते तिथे दिसत नाही. विवराजवळ हवेचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि फार जोरात करतं. घटनाक्षितिजाच्या त्रिज्येच्या दीडपट अंतरावर तर प्रकाश विवराभोवती गोल फिरू शकतो. जे किरण विवराला न शिवता बाजूनं निघून आपल्याकडे आले असते, त्यांतले जवळचे वाकून आतच पडतात. त्यांची जागा आपल्याला काळी दिसते. म्हणून सावली घटनाक्षितिजाच्या सुमारे अडीचपट भरते. ती मुलगी बरोबर होती.

त्या फोटोतलं विवर एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. वजन साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. घटनाक्षितिजाचा व्यास चार हजार कोटी किलोमीटरच्या आसपास, सावलीचा दहा हजार कोटी. तरी इथून ते कडं केवढं दिसतं? घोलवडचा एखादा टपोरा चिकू चंद्रावर ठेवून पृथ्वीवरून पाहावा, तेवढं.

एवढं बारीक पाहायला पृथ्वीएवढी दुर्बीण हवी. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडून त्यांची एक महादुर्बीण केली आहे, ते अनेकांनी पाहिलं असेल. युक्ती तीच, फक्त तबकड्या खंडाखंडांवर. खोडदची दुर्बीण लांब लहरी टिपते, या कामाला जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या लहरी लागल्या. एप्रिल २०१७ मध्ये हवाई, चिली, मेक्सिको, स्पेन अशा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी एकत्र निरीक्षण केलं. माहिती इतकी, की हार्ड डिस्क विमानानं न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या. १० एप्रिल २०१९ ला चित्र जाहीर झालं.

"हे तर कॉम्प्युटरनं काढलेलं चित्र," असं आमच्या तारापुरात एक जण म्हणाले. त्यात अर्धं खरं आहे. रेडिओलहरींना रंग नसतो. नारिंगी आपण भरला. दुर्बिणींच्या मधल्या रिकाम्या जागा गणितानं भरल्या. म्हणूनच शास्त्रज्ञांनी चार गट केले, एकमेकांशी न बोलता प्रत्येकानं आपलं चित्र काढलं, आणि चौघांकडेही कडंच आलं. पुढे २०१८ च्या निरीक्षणांचं चित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात उजळ भाग थोडा सरकला होता, कड्याचा आकार तोच होता. वायू हलतो, सावली तेवढीच राहते. मला तरी हा पुरावा पटला.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही असं विवर आहे, धनु राशीच्या दिशेला, २७ हजार प्रकाशवर्षांवर. ते चाळीसेक लाख सूर्यांचंच, पण इतकं जवळ, की दुरून दोघांची कडी साधारण सारखीच दिसतात. सूर्य आणि चंद्र आपल्याला सारखे दिसतात ना, तसं. त्याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत फेरी मारतो, म्हणून चित्र हलायचं. ते १२ मे २०२२ ला आलं. बोईसरच्या कारखान्यांच्या दिव्यांत आम्हाला आकाशगंगेचा पट्टाही दिसत नाही, त्यासाठी जव्हारच्या डोंगरात जावं लागतं. तिथूनही तो मध्य धुळीआड असतो. रेडिओलहरी मात्र धुळीतून पार येतात.

कवितेत मी विवराला सगळं ओढून घेणारा भोवरा म्हटलं होतं. तेही चूक निघालं. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं विवर ठेवलं, तर पृथ्वी गारठेल, पण फिरत राहील त्याच वाटेनं. ती ओळ मी काढून टाकली आहे. तिच्या जागी दुसरी अजून सुचलेली नाही.