चासीवरचं कुटुंब

गेल्या उन्हाळ्यात कराडजवळच्या एका गॅरेजात जुनी टाटा सुमो खड्ड्यावर उभी होती. मिस्त्रींनी बोलावलं म्हणून मी खाली उतरलो आणि ज्या गाडीतून आयुष्यात शेकडो वेळा प्रवास केला, ती पहिल्यांदाच पोटाच्या बाजूनं पाहिली. वर मखमली सीटकव्हर आणि काचेला चिकटवलेला गणपती. खाली मात्र पुढून मागपर्यंत गेलेल्या दोन जाड पोलादी तुळया, त्यांना बांधून ठेवणारे आडवे दांडे आणि मागच्या ॲक्सलला आवळलेले पाटे. ‘बॉडी सडली तर पत्रा मारता येतो, चासी वाकली तर गाडी गेली,’ मिस्त्री म्हणाले. त्या अंधाऱ्या खड्ड्यात सुमोचा सगळा पूर्वेतिहास डोक्यावर टांगलेला होता.

माल वाहणाऱ्या चासीवर माणसं बसवायची कल्पना तशी जुनी. १९३५ साली अमेरिकेत शेव्हरोलेनं अर्ध्या टनाच्या ट्रकच्या चासीवर पोलादी बॉडी चढवून आठ जणांची ‘सबर्बन’ काढली. तेव्हा मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांच्या बॉडीत लाकूड असायचं. आपल्याकडे ही वाट आधी जीपनं घातली. महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच जीपची लांबी वाढत गेली, ताडपत्रीच्या हुडाखाली बाकं आली आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्सही याच रस्त्यावर धावू लागली. पण ताडपत्रीतून पाऊस आत यायचा, धूळ तर बारा महिने. चारही बाजूंनी बंद, काचा लावता येतील अशी मोठी गाडी सामान्य घराला परवडेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

सुमो काढणाऱ्या टेल्कोची, म्हणजे टाटांच्या कंपनीची, गोष्ट ट्रकची. १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिनांसाठी निघालेली ही कंपनी १९५४ मध्ये डेम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवू लागली. तो पंधरा वर्षांचा करार संपेपर्यंत पिंपरी-चिंचवडला तिचं दुसरं मोठं ठाणं उभं राहत होतं. त्यामागे सुमंत मुळगावकर होते. सिमेंटच्या धंद्यातून आलेल्या या इंजिनिअरनं पुण्यात आधी ट्रक काढले नाहीत. आधी यंत्रं बनवणारा विभाग आणि मुलांना घडवणारा प्रशिक्षण विभाग उभा केला. माळरानावर तळं केलं, झाडं लावली. ट्रकचे साचे स्वतःला पाडता आले तरच गाडीचा आराखडा स्वतःचा राहील, ही त्यांची धारणा होती. पुढच्या सगळ्या गाड्यांचं मूळ मला या एका निर्णयात दिसतं.

त्याचा कस १९८० च्या दशकात लागला. जपानी कंपन्यांशी भागीदारी करून चार हलके ट्रक भारतात उतरले आणि टेल्कोचं काही खरं नाही, असं बोललं जाऊ लागलं. १९८६ मध्ये टेल्कोनं उत्तर दिलं, ते घरी आखलेल्या ४०७ नं. ही गाडी आजही भाजी मार्केटात उभी दिसते. दोन वर्षांनी त्याहून लहान पिकअप आली, टाटामोबाईल. पुढे केबिन, मागे हौदा. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, प्यूजोच्या जुन्या इंजिनाशी नातं सांगणारं.

इथे चासीचं महत्त्व कळतं. बिनचासीच्या कारमध्ये पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा असतो. आकार बदलायचा तर साचेच नव्यानं पाडावे लागतात, आणि साच्यांचा खर्च कोटींत. चासीच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पाटे सगळं खालच्या चौकटीला बांधलेलं. बॉडी वर रबरी गट्ट्यांवर बोल्टनं कसलेली. म्हणजे खालचं जोतं तेच ठेवून वर वेगळं घर बांधता येतं. टेल्कोनं नेमकं तेच केलं. १९९१ मध्ये हौद्याच्या जागी बंद खोली आली, ती सिएरा. नाक पिकअपचंच, पण मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच. तशी काच या देशातल्या रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. मागे बसायला मात्र दार नव्हतं. पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. साडी सांभाळत आत शिरणारी आजी आठवली की ही देखणी गाडी घरोघरी का गेली नाही ते समजतं. पुढच्याच वर्षी पाच दारांची इस्टेट आली आणि फारशी न रुजता गेली.

१९९४ मध्ये त्याच जोत्यावर सुमो उभी राहिली. १९८९ मध्ये निवर्तलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’ जोडून हे नाव झालं. आकार सरळ पेटीसारखा. पुढे ड्रायव्हरसह तिघं, मधल्या बाकावर तिघं, मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांवर चौघं, कागदावर एकूण दहा. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या मानानं फार स्वस्त. तीन वर्षांत लाखभर सुमो रस्त्यावर आल्या. ट्रक दुरुस्त करणाऱ्या हातांना तिच्यात अनोळखी काही नव्हतं, म्हणून तालुक्याच्या गावीही ती अडून राहिली नाही.

आमच्याकडे ती आधी लग्नात आली. नवरदेवाची सुमो फुलांनी सजायची, कॅरियरवर रुखवताची भांडी दोरीनं आवळलेली असायची. मग ती वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन चालणाऱ्या खासगी वाहतुकीला लागली. पाटण-कराड रस्त्यावर पहाटे किल्ली अर्धी फिरवून ड्रायव्हर थंड इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझायची वाट पाहायचा, तेवढ्यात मागच्या बाकावर दुधाचे कॅन, कॉलेजच्या मुली, तालुक्याला औषध आणायला निघालेली म्हातारी, सगळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असत. दहाच्या जागी सोळा. एस.टी. दिवसातून दोनदा येणाऱ्या वाड्यांना पोरं शिकवता आली त्यात या गाडीचा वाटा आहे, असं मी मनापासून मानतो. रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात नेलं तेही हिनंच, मागचे बाक दुमडून गादी टाकून.

तिचे दोषही याच चासीचे. पाटे ओझ्यासाठी घडवलेले. दोघंच बसले की खड्ड्यात गाडी उडते, दहा जण बसले की शांत होते. उंच बॉडी घाटाच्या वळणावर कलते. मागचे बाक आडवे, त्यावर बसलेल्यांना धरायला फक्त वरचा दांडा. ही उणीव किरकोळ नव्हती, तिनं जीव घेतले आहेत, आणि आपण सगळ्यांनीच तिकडे फार वर्षं डोळेझाक केली.

२००० साली दोन गाड्यांनी सुमोला गाठलं. टोयोटाची क्वालिस इंडोनेशियातल्या किजांगची बहीण. किजांगचा जन्मही १९७७ मध्ये साधी पिकअप म्हणूनच झालेला. टॅक्सीवाल्यांना तिचं मऊ चालणं आवडलं. त्याच वर्षी महिंद्रांची बोलेरो आली आणि गावं हळूहळू तिची झाली. टाटांनी ४०७ च्या घराण्यातलं तीन लिटरच्या आसपासचं इंजिन बसवून स्वस्तातली स्पेशिओ काढली, पुढे व्हिक्टा आणि गोल्ड. तोवर शहरी घरं बिनचासीच्या, कारसारख्या चालणाऱ्या गाड्यांकडे वळली होती. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले, प्रदूषणाचे बीएस-६ निकष दारात होते. २०१९ मध्ये सुमोचं उत्पादन थांबलं. निरोपाचा समारंभ काही झाला नाही.

कराडच्या त्या गॅरेजात मालक आला तेव्हा पाटे नवे आवळून झाले होते. त्यानं मागचं दार उघडलं. आतले दोन्ही बाक काढून टाकलेले, खाली पत्रा ठोकलेला, कोपऱ्यात माती लागलेलं आलं सांडलेलं. मुलं पुण्याला गेली, आता आल्याची पोती बाजारात न्यायला एवढी पुरते, म्हणाला. हीटरचा दिवा विझला, इंजिन खडखडून लागलं आणि गाडी मार्केट यार्डाच्या दिशेनं वळली.