दाराच्या चौकटींतील बार

अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें मल्लखांब दाखविला. त्या खांबाचा कांहीं भाग जमिनींत पुरलेला असतो. त्यावरच सारी मदार. आमच्या पडेगांवांतील लहान घरांत खांब पुरण्यास जागा नाहीं, म्हणून कित्येक विद्यार्थी दाराच्या चौकटींत बसणारा लोखंडी बार घेऊं इच्छितात. बेत चांगला, परंतु त्याचा आधार कोणता, हें आधीं पाहावें.

असे बार मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला चौकटीच्या वरच्या पट्टीस अडकवितात. त्यास भिंतीबाहेर आलेली भक्कम पट्टी लागते. आपल्याकडे चौकट बहुधा गिलाव्याशीं सपाट असल्यानें तो क्वचितच बसतो. दुसरा पिळला कीं लांब होऊन दोन्ही बाजू दाबून धरतो. तो केवळ घर्षणावर टिकतो. रंग गुळगुळीत असल्यास अथवा मुलानें झोके घेतल्यास निसटूं शकतो, कारण झोक्यानें भार शरीराच्या वजनाहून वाढतो. तिसऱ्याचीं टोकें स्क्रूनें बसविलेल्या वाट्यांत टेकतात. भक्कम सागवानी चौकटीस हाच उत्तम. पोकळ पत्र्याच्या चौकटीस मात्र स्क्रूचा भरंवसा धरूं नये.

बार उडी न मारतां हात पोंचेल इतकाच उंच लावावा, खालीं गादी घालावी, व प्रथम वडील माणसानें हळूहळू भार देऊन पाहावा. पालकहो, बाराची किंमत थोडी. मुलाच्या पाठीची फार मोठी.