किल्लारी: नकाशातला झोन आणि घराची भिंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूर-धाराशिवच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली.

तरीही ‘नकाशाप्रमाणे आपला तालुका सुरक्षित आहे’ हे वाक्य आजही ऐकू येते. नकाशा मुख्यतः आजवर नोंदलेल्या भूकंपांवर आणि भूरचनेवर बेतलेला असतो. काळ्या कातळाखाली दडलेला, माणसाच्या आठवणीत कधी न हललेला भ्रंश त्यात दिसत नाही. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे मानक सुधारताना झोन १ रद्द झाला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला.

‘दोन-तीन फूट जाडीची भिंत कशाला पडते?’ हा गैरसमज माझ्या मते सर्वांत जीवघेणा. किल्लारीचा भूकंप ६.२ मॅग्निट्यूडचा. जगात असे भूकंप दरवर्षी होतात, आणि बहुतेकांत एवढे बळी जात नाहीत. इथल्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोट्यांची भर आणि दोन्ही थर सांधणारे आरपार दगड नाहीत. धक्का बसला की थर सुटतात, भिंत पोट फुगून कोसळते. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की फूट-दीड फूट माती डोक्यावर साठते. त्यात आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपलेले. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांतली माणसे त्या मानाने वाचली. म्हणून गावाची जोखीम काढायची तर जमिनीच्या धोक्याबरोबर घरे कशी बांधली आहेत आणि त्यांत माणसे कोणत्या वेळी असतात, हेही पाहावे लागते. ते घरोघर फिरूनच कळते.

भूकंपानंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला. ‘स्लॅब टाकला की निर्धास्त’ हा त्यातून आलेला उलटा गैरसमज. कच्च्या भिंतींवर टाकलेला जड स्लॅब माळवदाइतकाच घातक. उलट दगडी घरातही आरपार दगड बसवले, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा दिला आणि छतावरची माती उतरवली, तर धोका पुष्कळ कमी होतो.

जवळच्या तेरणा नदीवरच्या धरणाने भूकंप घडवला का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. भिंती तपासायला मात्र त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

राहिला ‘लहान धक्क्यांनी जमिनीचा जोर निघून जातो’ हा समज. १९९२ मध्ये किल्लारीला असे धक्के बसले होते, तरी पुढच्या वर्षी मोठा भूकंप झालाच. मॅग्निट्यूड एका अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६.२ च्या एका भूकंपाचा जोर हलका व्हायला ४.२ चे जवळजवळ हजार धक्के बसावे लागतील.