पौषातली वस्ती

पहाटे साडेचार

निफाड तालुक्यात पौषात घर उठतं ते बागेसाठी. शेतीची वीज या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणून हे आणि सासरे आबा बॅटरी घेऊन केव्हाच विहिरीवर गेलेत. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ते ठिबकने सोडलं की वेलींच्या बुडाशी जमीन जरा ऊब धरते. बांधाला शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत कोंडायचा. हे सगळं दिवस उगवायच्या आत, कारण थंडीचा खरा कडाका त्याच तासाला असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा पेपरात येतो. पाणी उतरलेल्या घडांवर असा गारठा पडला की मणी तडकतात, आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीपासूनची मेहनत वाया जाते.

बागेत माणूस कमीच पडतं. तरी या वेळी मी घराबाहेर पडत नाही, हे आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय. गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत. वस्तीवर लेकरं एकटी ठेवून जायची ही वेळ नव्हे. थोरली आठ वर्षांची, मधला चारचा, धाकटीला आठवा महिना. धाकटी माझ्या शेजारी असली तरी तिचं पांघरूण वेगळं, छातीपर्यंतच. जड गोधडी तान्ह्या तोंडावर सरकली तर तिला ती बाजूला करता येत नाही.

सात

थोरलीला मी हाक मारत नाही, तिची तीच उठते. जिल्हा परिषदेची शाळा साडेदहाला भरते, हे तिचं भाग्य. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ साली निघाला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. शाळकरी मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, चार वर्षांच्याला दहा ते तेरा, आणि धाकटीच्या वयाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा. अंग वाढवणारं संप्रेरक गाढ झोपेतच सगळ्यात जास्त स्रवतं. गेल्या थंडीतला थोरलीचा स्वेटर यंदा मनगटाच्या वर अडकतो. या वयात पोर वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने उंच होतं. तो स्वेटर आता मधल्याला बाह्या दुमडून बसतो.

साडेसात

चूल बाहेरच्या पडवीत पेटते. शेकोटीपाशी आणि चुलीपाशी मोठ्या दोघांना बसू देते, तेही अंतर ठेवून. धाकटीला तिथे आणत नाही. ऊब म्हणून धुरात धरलेल्या बाळाची छाती भरते. तिला टोपी, मोजे, अंगावर पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि आईचं अंग, एवढं पुरतं.

बाजरीची भाकरी, वर तीळ लावलेले, लोण्याचा गोळा, पातीच्या लसणाची चटणी. थंडीत बाजरी खायची हे जुन्या बायकांनी ठरवलं ते उगाच नाही: बाजरीत लोह भरपूर आणि तिळात कॅल्शियम दुधाच्या कितीतरी पट. सहा महिन्यांनंतर बाळाला नुसतं दूध पुरत नाही, जन्मापासूनचा लोहाचा साठा तोवर सरत आलेला असतो. म्हणून धाकटीला मुगाची मऊ खिचडी तूप घालून, कधी अंड्याचा शिजलेला बलक, कधी भाकरी वरणात कुस्करून. तिळाचं कूट करूनच घालते.

"थंडीचा घोटभर चहा दे ना पोराला," आई म्हणतात. आमच्या सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो.

"आई, चहानं भाकरीतलं लोह अंगी लागत नाही. हळदीचं दूध देते."

"मग गूळ जास्तीचा घाल," म्हणून त्या स्वतःच गूळ चिरायला बसतात. पेरूची फोड मात्र त्यांना पटते. पेरूतल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं, शिवाय पेरू त्यांच्या माहेरचा असतो.

मधालाही घरात एक नियम आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवायचं नाही, खोकला असला तरी नाही. मधातल्या जिवाणूंचं विष तान्ह्या आतड्यात तयार होऊ शकतं. हे आईंना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या बाळंतिणीला त्यांनीच जाऊन सांगितलं.

साडेनऊ

दिवसातला हा तास मी कोणाला देत नाही. बागेत फवारणी असो, व्यापारी येवो, पाव्हणे येवोत, अंगणात ऊन पडलं की धाकटीला मांडीवर घेऊन तिळाचं कोमट तेल चोळायचं. आधी पाय, मग पोट, मग पाठ. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने तिच्या पोटऱ्यांची कातडी खरखरीत होते, गालांना चिरा पडतात. तेलाने ती मऊ राहते. नाकाकानात तेल सोडायचं नाही, माझ्या सासरी हे पूर्वी करत, आता करत नाहीत. डोळ्यांत काजळही नाही. उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही, खरं काम उन्हं चढल्यावरचं. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब पहिलं वर्षभर रोज चालू. रोजचे चारशे युनिट, बालरोगतज्ज्ञ तेवढेच सांगतात.

बंबातलं पाणी, दार लावून घेतलेली न्हाणी, दोन तांब्यांत अंघोळ, लगेच पंच्यात गुंडाळणं. आई तोवर शेगडीवर ओव्याची पुरचुंडी गरम करतात आणि आपल्याच हातावर ठेवून बघतात. मधला तिथे उघडा पळत असतो. "मी मोठा झालो, मी गार पाण्यानं करतो," म्हणतो, आणि पहिला तांब्या पडताच किंचाळतो. त्याच्या किंचाळण्यावर धाकटी खदखदून हसते. तिचे दोन दात आलेत, खालचे.

साडेदहा

थोरली शाळेत, मधला अंगणवाडीत. आज महिन्याच्या वजनाचा दिवस, म्हणून धाकटीलाही नेलं. बाळ साधारण पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. सेविका वजन आणि उंची घेते, दंडाला रंगीत पट्टी लावते. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली तर लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. धाकटीची हिरवी आली. मग मोबाइलवर नोंद. मधल्याला तिथेच गरम खिचडी मिळते, धाकटीसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. अंगणवाडीची ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. माझ्या आईच्या मांडीवर मी असताना तिनेही मला याच काट्यावर टाकलं होतं.

आमच्या भागात मण्याची जाडी कशी मोजतात ते बघायला या. निर्यातीचा माल सोळा-अठरा मिलीमीटरच्या वर हवा म्हणून बागाईतदार रोज पट्टी घेऊन ओळीतून फिरतो. घड उन्हाने आणि रात्रीच्या गारठ्याने गुलाबी पडू नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. आणि त्याच बागाईतदाराच्या घरचं लेकरू हंगामात दोन-दोन महिने वजनकाट्यावर जात नाही. सेविका सांगते, जानेवारी ते मार्च हजेरी उतरते. वेळ नसतो, हे खरं आहे. वेळ काढावाच लागतो, हेही खरं आहे.

दुपारी बारा ते चार

पेपर लावायला टोळी आलीय. पेठ, सुरगाण्याकडची माणसं, दिवाळीनंतर येतात आणि एप्रिलपर्यंत इकडेच बागांतून राहतात. बायकांची बोटं भराभर चालतात: कागद, घडी, टाचणी, पुढचा घड. त्यांची लेकरं बांधावरच्या लिंबाखाली. एक मुलगी, फार तर सात वर्षांची, काखेत भाऊ घेऊन बसलेली. पौषातल्या रात्री ही कुटुंबं पालात झोपतात. आमच्या घरात तीन गोधड्या असूनही पहाटे पाय गार पडतात. पालात काय होत असेल हा विचार दुपारी उन्हातही मनात येतो.

जुन्या गोधड्या आणि थोरलीचे आखूड झालेले कपडे दिले. पण कपड्यांनी पोट भरत नाही. म्हणून त्या भावाला आणि आणखी दोघांना सकाळी माझ्याबरोबर अंगणवाडीत नेलं होतं. गाव सोडून आलेल्या कुटुंबाच्या लेकरालाही जिथे असेल तिथल्या अंगणवाडीत आहार मिळतो आणि वजन होतं, सेविकेने नावं घातली. त्या भावाच्या दंडाची पट्टी पिवळी आली. त्याची आई कागदाची घडी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या परत न्यायचं का ताई?"

"रोज न्यायचं. आमचा मधला जातो त्याच्याबरोबर."

आज अर्ध्या बागेत फवारणी आहे, म्हणून लेकरांना त्या बाजूला यायला बंदी. फवारणीचे कपडे हे बाहेरच्या नळावर बदलतात, ते वेगळे धुतले जातात, आणि हातपाय धुतल्याशिवाय धाकटीला उचलत नाहीत. बागेतला मणी तोडून थेट तोंडात टाकायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही. घरी धुऊन खाल्ला तरी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा मणी देत नाही. गुळगुळीत, गोल, नेमका श्वासनळीत बसेल एवढा. उभ्या चार फाका करूनच द्यायचा. अख्खे शेंगदाणेही तसेच. संक्रांतीनंतर बोरन्हाण आहे, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने आणलेत. बोरं, उसाचे करवे, हरभरे धाकटीच्या डोक्यावरून पडतील तेव्हा वेचायला मोठी पोरं धावतील, आणि मी तिच्या मुठी उघडून बघत बसेन.

सहा

उन्हं उतरली की गारठा पुन्हा जमिनीतून वर येतो. सगळी लेकरं ओट्याच्या आत. भोगी जवळ आल्याने ताटात वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा, तीळ घातलेली मिसळीची भाजी. तिला आमच्याकडे लेकुरवाळी म्हणतात. थोरली अभ्यास करता करता वालाचे दाणे सोलते. "मम्मी, रविवारी नांदूरमध्यमेश्वरला जायचं ना?" तिला पक्षी बघायचेत. २०२० मध्ये रामसरच्या यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ आमच्याच तालुक्यात आहे आणि थंडीत तिथे दूरदेशीची बदकं उतरतात. पप्पा हो म्हणाले. व्यापाऱ्याचा फोन आला तरी जायचं, हेही त्यांनीच म्हटलं.

साडेआठ

मधल्याला दोन दिवस खोकला आहे. तो झोपल्यावर मी त्याचं पोट बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचा पन्नास किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर न्यूमोनियाची शंका. मग सकाळची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. आज मोजले ते अठ्ठावीस. हे थोरलीलाही शिकवलंय. घड्याळ तीच धरते.

हे नऊला आडवे होतात, कारण पुन्हा विहिरीवर जायचंय. झोपण्याआधी बागेची वही भरतात: कोणत्या ओळीला कोणतं औषध, किती मिली, कोणत्या तारखेला. निर्यातीला ती लागते. त्याच वहीच्या मागच्या पानावर या महिन्यापासून तिघांची नावं, वजन आणि उंची मी लिहायला लागले.

बागाईतदार बंधू-भगिनींनो, या हंगामात टोळी ठरवताना माणसं किती ते विचारता, तसंच लेकरं किती आणि किती वर्षांची तेही विचारा. ती नावं त्याच दिवशी गावच्या अंगणवाडीत सांगा, आणि आपल्या घरचं लेकरूही बरोबर न्या.